थकबाकीचं वर्ष : नेदरलँड्स २०२३

पुणेकर क्रीडारसिकांना २०२३ मध्ये डच खेळाडू दोनदा पाहायला मिळाले. ७ जानेवारीला बालेवाडीत टॅलन ग्रीकस्पूरनं पहिला सेट गमावूनही फ्रान्सच्या बेंजामिन बोंझीला हरवलं आणि महाराष्ट्र ओपनचा करंडक उचलला. एटीपी दौऱ्यावरचं त्याचं ते पहिलंच विजेतेपद. पुण्यातली स्पर्धा मात्र तीच शेवटची ठरली. पुढच्या वर्षी ती हाँगकाँगला गेली. मग ८ नोव्हेंबरला गहुंजेच्या मैदानावर बेन स्टोक्सनं शतक ठोकलं आणि इंग्लंडनं डच क्रिकेट संघाचा १६० धावांनी धुव्वा उडवला. या दोन तारखांच्या दरम्यान या खेळाडूंच्या देशात सरकार कोसळलं होतं, तेरा वर्षं पंतप्रधान राहिलेल्या माणसानं राजकारण सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, राजानं गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली होती आणि साठ वर्षं देशाला पोसणारं वायूक्षेत्र बंद झालं होतं. गहुंजेच्या सामन्याला दोन आठवडे होतात न होतात तोच डच मतदारांनी स्थलांतरविरोधी गिर्ट विल्डर्स यांच्या पक्षाला संसदेत पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं.

जगभरच्या वर्तमानपत्रांना या सगळ्यातली शेवटची बातमी तेवढी दिसली. 'उदारमतवादी हॉलंड उजवीकडे झुकलं' असे मथळे झळकले आणि विषय संपला. मला हा अर्थ अपुरा वाटतो. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये जे घडलं त्यातलं बहुतेक जुनं देणं होतं. कुठे दहा वर्षांचं, कुठे साठ, कुठे दीडशे. सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, समिती नेमायची, चर्चा करत राहायची आणि कुणालाच न दुखावणारा तोडगा काढायचा, या डच राज्यपद्धतीचं आपल्याकडे फार कौतुक होतं. काही अंशी ते रास्तही आहे. पण या पद्धतीत अवघड देणी पुढे ढकलण्याची उत्तम सोय असते. २०२३ मध्ये ती देणी एकदम दाराशी आली.

सुरुवात ग्रोनिंगेनपासून करू. देशाच्या ईशान्य टोकाचा हा प्रांत सपाट, शेतीचा आणि राजधानीपासून दूर. १९५९ मध्ये तिथल्या स्लोख्टरन गावाजवळ नैसर्गिक वायू सापडला. साठा युरोपातला सर्वांत मोठा. १९६३ पासून उपसा सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत देशातलं जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघर या वायूवर चालू लागलं. सरकारच्या तिजोरीत आजवर त्यातून सुमारे ३६३ अब्ज युरो आले. देशाची कल्याणकारी व्यवस्था या पैशावर उभी राहिली, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

वायू काढला की जमिनीखालचा सच्छिद्र वाळूचा खडक दबतो, जुन्या भेगांवर ताण येतो आणि जमीन हादरते. हे भूकंप रिश्टर मापनावर लहानच असतात. पण ते उथळ असतात आणि वरची जमीन मऊ असते. त्यात घरं विटांची, जुन्या बांधणीची. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, धुराडी हलली. खाण नियंत्रकांनी सांगितलं की उपसा लवकरात लवकर कमी करा. यावर सरकारनं काय केलं? अभ्यास सुरू केले. आणि २०१३ मध्ये उपसा कमी होण्याऐवजी वाढला. त्याआधीच्या कित्येक वर्षांत निघाला नव्हता एवढा, जवळजवळ ५४ अब्ज घनमीटर वायू त्या एका वर्षात काढला गेला. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातला सर्वांत संतापजनक आकडा हाच.

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी संसदीय चौकशी समितीचा अहवाल आला. ग्रोनिंगेनकरांच्या सुरक्षिततेपेक्षा पैशाला आणि पुरवठ्याला सातत्यानं वरचं स्थान दिलं गेलं, असा त्याचा निष्कर्ष होता. या लोकांचं देशावर मानाचं ऋण आहे आणि ते फेडलं पाहिजे, असंही समितीनं म्हटलं. एप्रिलच्या अखेरीस सरकारनं तीस वर्षांत खर्च करायच्या २२ अब्ज युरोंची योजना मांडली. १ ऑक्टोबरला उपसा थांबला. कडाक्याची थंडी पडली तर असावी म्हणून काही विहिरी तेवढ्या सज्ज ठेवल्या. हे होत असताना युरोपात युक्रेन युद्धामुळे वायूची टंचाई होती, हे लक्षात घ्यायला हवं. जगातल्या कुठल्याही अर्थमंत्र्याला त्या वेळी विहिरी चालूच ठेवण्याचा मोह झाला असता. तो आवरला गेला, हे पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारच्या खात्यावर जमेचं. पण ज्यांच्या घराला वर्षानुवर्षं लाकडी टेकू लावलेले आहेत आणि ज्यांच्याकडे तडे मोजायला एकामागून एक तज्ज्ञ येऊन गेलेत, त्यांच्या लेखी ते फार उशिरा आलेलं शहाणपण होतं.

दुसरी थकबाकी शेणाची होती, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या, महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढ्या देशात अडतीस लाखांच्या आसपास गाईगुरं, कोटीभर डुकरं आणि कोट्यवधी कोंबड्या आहेत. जनावरांचं मलमूत्र एकत्र आलं की अमोनिया तयार होतो, हवेतून आसपास पसरतो आणि जमिनीवर उतरतो. नापीक, रेताड जमिनीवरच टिकणारी झुडपं या फुकटच्या खतानं मरतात आणि त्यांच्या जागी गवत नि खाजकुयलीचे भाईबंद माजतात. युरोपीय कायद्यानं संरक्षित असलेल्या जागांची अशी दशा होत होती. सरकार मात्र 'पुढे आम्ही प्रदूषण कमी करूच' या भरवशावर आज परवाने वाटत होतं. मे २०१९ मध्ये देशातल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ही उधारी बेकायदा ठरवली. रातोरात हजारो प्रकल्प अडकले. त्यात गोठे होते तसे रस्ते आणि घरंही होती, आणि घरांचा तर देशात आधीच तुटवडा.

मग सरकारनं २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. शेतकऱ्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर 'पुन्हा कधी उपासमार नको' म्हणून सरकारनंच त्यांना वाढा, यंत्रं घ्या, कर्ज काढा, निर्यात करा असं सांगितलं होतं. बँकांनी त्यावर पैसे कमावले, पशुखाद्य कंपन्यांनी कमावले. आता गोठा बंद करा असं सांगायला सरकार एकट्या शेतकऱ्याकडे आलं होतं. खेड्यापाड्यांत पुलांवर, विजेच्या खांबांवर उलटे टांगलेले राष्ट्रध्वज दिसू लागले.

या असंतोषाला पक्ष मिळाला तो 'बुरबर्गरबेव्हेगिंग', म्हणजे शेतकरी-नागरिक चळवळ. तिच्या तेव्हाच्या नेत्या कॅरोलीन व्हॅन डर प्लास या मूळच्या कृषी पत्रकार. २०२१ मध्ये त्या पक्षाच्या एकमेव खासदार म्हणून निवडून आल्या आणि पहिल्या दिवशी ट्रॅक्टरवरून संसदेत पोचल्या. १५ मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत याच पक्षानं बहुतेक प्रांतांत पहिला क्रमांक मिळवला. प्रांतांचे प्रतिनिधी वरिष्ठ सभागृह निवडतात. तिथे ७५ पैकी १६ जागा घेऊन हा पक्ष सर्वांत मोठा झाला. मतं फक्त शेतकऱ्यांची नव्हती, तेवढे शेतकरी त्या देशात नाहीतच. गावातली बस बंद झालेले, जवळचा दवाखाना हललेला, मुलांना घर परवडत नसलेले लोक शेतकऱ्याच्या आडून बोलत होते. नोव्हेंबरमध्ये याच पक्षाला कनिष्ठ सभागृहात १५० पैकी फक्त ७ जागा मिळाल्या. आठ महिन्यांत राग दुसऱ्या पत्त्यावर गेला. २०२३ चं डच राजकारण समजून घ्यायचं तर या प्रवासाकडे बघायला हवं.

उन्हाळा आला तो वादळ घेऊन. ५ जुलैला 'पॉली' वादळानं आयमुइडनला ताशी १४६ किलोमीटरचा झोत नोंदवला. उन्हाळ्यात एवढं मोठं वादळ त्या देशानं कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी, ७ जुलैच्या रात्री, मार्क रुटे यांचं चार पक्षांचं चौथं सरकार पडलं. वाद निर्वासितांच्या कुटुंबांचा होता. युद्धातून पळून आलेल्यांच्या मुलाबाळांना देशात येण्यासाठी वाट बघायला लावावी, असा रुटे यांच्या पक्षाचा आग्रह. सरकारातल्या ख्रिश्चन युनियनला ते मान्य होणं शक्य नव्हतं. या मुद्द्यावर सरकार पडावं एवढे अशा कुटुंबांचे आकडे मोठे नव्हते. रुटे यांना कडक प्रतिमेनिशी पुन्हा निवडणूक लढवायची होती, असा संशय तेव्हा अनेकांनी घेतला. तसा डाव असेलच तर तो साफ उलटला. १० जुलैला भर संसदेत त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०१० पासून एवढी संकटं अंगाला न चिकटू देता सायकलवरून सफरचंद खात कचेरीत जाणारा हा पंतप्रधान स्वतःच्याच खेळीत बाद झाला.

सरकार पडण्याआधी सहाच दिवस, १ जुलैला, ॲमस्टरडॅमच्या ऑस्टरपार्कमध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली होती. सरकारच्या वतीनं रुटे यांनी आधीच्या डिसेंबरात माफी मागितली होती. पण राजानं स्वतःच्या घराण्याच्या वतीनं बोलणं वेगळं. जूनमध्येच प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासानं दाखवून दिलं होतं की १६७५ ते १७७० या काळात राजाच्या ऑरेंज घराण्याला वसाहतींमधून आजच्या हिशेबानं सुमारे साडेचोपन्न कोटी युरो मिळाले होते. कायद्यानं गुलामगिरी संपली ती १८६३ मध्ये. सुरिनाम या डच वसाहतीत तेव्हा सरकारनं दर गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई दिली, ती गुलामाला नव्हे तर मालकाला! आणि मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यावर राबावं लागलं. म्हणून खरी मुक्ती १८७३ ची, आणि २०२३ हे तिचं दीडशेवं वर्ष.

इथे आपला संबंध येतो. मळ्यांवर माणसं कमी पडणार हे ओळखून डचांनी ब्रिटिशांशी करार केला आणि ५ जून १८७३ रोजी 'लाला रुख' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन सुरिनामच्या पारामारिबोला लागलं. १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार भारतीय, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, असे गेले. त्यांचे वंशज आज हेग शहरात मोठ्या संख्येनं राहतात. जून २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू या दीडशेव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी सुरिनामला गेल्या होत्या. आपल्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आतल्या पानावर आली. वसाहतींमधून आणलेल्या वस्तूंचीही परतफेड सुरू झाली. दहा जुलैला लेडनमध्ये डच सरकारनं लोंबोकच्या लुटीतला खजिना आणि इतर शेकडो वस्तू इंडोनेशियाच्या हवाली करण्याची प्रक्रिया सुरू केली. रिक्समुझियममधली रत्नजडित कँडीची तोफ श्रीलंकेला द्यायचं ठरलं. एकंदर ४७८ वस्तू. वेंगुर्ल्यातल्या डच वखारीच्या पडक्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या व्यापारी साम्राज्याचा आवाका वेगळा सांगायला नको.

जुलैची शेवटची बातमीही भारतीय घरांपर्यंत पोचली. २५ तारखेच्या रात्री ॲमलंड बेटाच्या उत्तरेला 'फ्रीमँटल हायवे' या मालवाहू जहाजाला आग लागली. पोटात तीन हजार सातशेहून जास्त मोटारी, त्यात पाचशेच्या आसपास विजेवर चालणाऱ्या. खलाशी २३, त्यातले बहुसंख्य भारतीय. धुरानं मार्ग बंद झाल्यावर काहींनी कित्येक मजले उंचीच्या डेकवरून थेट काळोख्या समुद्रात उड्या घेतल्या आणि बेटावरच्या स्वयंसेवकांच्या बचावनौकेनं त्यांना एकेक करून वर ओढलं. एक भारतीय खलाशी दगावला. पुढचे काही दिवस डच माध्यमांत चर्चा होती ती लगतच्या वाडन समुद्राच्या जागतिक वारशाला असलेल्या धोक्याची. ती योग्यच होती. पण त्या खलाशाची बातमी दुसऱ्या दिवसानंतर शोधावी लागत होती.

खेळाकडे वळायचं तर सुरुवात पुन्हा एका भारतीय नावापासून होते. वाइक आन झी हे आयमुइडनच्या पोलाद कारखान्याला खेटून असलेलं समुद्रकाठचं गाव. १९३८ पासून कारखान्याच्या नावानं चालत आलेली बुद्धिबळ स्पर्धा आता टाटा स्टीलच्या नावानं भरते. जानेवारीत ती अनीश गिरीनं अखेर जिंकली. अखेर म्हणायचं कारण, आधी अनेकदा ती त्याच्या हातातून निसटली होती. या वेळी शेवटच्या फेरीत त्यानं रिचर्ड रॅपोर्टला हरवलं आणि आघाडीवरच्या अब्दुसत्तोरोवला गिरीचाच देशबांधव योर्डन व्हॅन फॉरेस्टनं धूळ चारली. याच गावाबद्दल सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा अहवाल आला : कारखान्याच्या प्रदूषणामुळे इथल्या रहिवाशांचं आयुष्य सरासरी अडीच महिन्यांनी कमी होतं. खिडकीच्या कट्ट्यावरची काळी पूड बोटानं पुसून दाखवणारे गावकरी डच दूरचित्रवाणीला नवे नव्हते. आता त्यांच्या हातात सरकारी आकडा आला. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं तिथल्या ८०० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. स्पर्धेच्या समारोपाला वाटाण्याचं घट्ट सूप वाढण्याची जुनी प्रथा मात्र अजून चालू आहे.

फॉर्म्युला वनमधल्या मॅक्स व्हर्स्टॅपनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हीच त्याची थोरवी. २२ पैकी १९ शर्यती, त्यातल्या सलग दहा, आणि तिसरं विश्वविजेतेपद. एवढं निर्विवाद वर्चस्व बघताना कंटाळा येतो. झांडव्होर्टच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये नारिंगी धूर सोडणाऱ्या गर्दीला तो आला नाही, एवढंच. फुटबॉलमध्ये फेयेनूर्डनं आर्ने स्लॉटच्या हाताखाली लीग जिंकली आणि आयाक्सची घसरगुंडी अशी झाली की ऑक्टोबरच्या शेवटी हा चार वेळा युरोपचा विजेता राहिलेला क्लब लीगमध्ये अठराव्या, म्हणजे तळाच्या जागी होता. २४ सप्टेंबरला फेयेनूर्डविरुद्ध ०-३ पिछाडीवर असताना आयाक्सच्या प्रेक्षकांनी मैदानात जळते भुईनळे फेकले. सामना थांबला आणि तीन दिवसांनी रिकाम्या मैदानात पुरा झाला. डच फुटबॉलमधली हुल्लडबाजी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सायकलीचं वर्ष मात्र अपूर्व होतं. मॅथ्यू व्हॅन डर पूलनं मिलान-सान रेमो आणि पॅरिस-रुबे जिंकल्या आणि ६ ऑगस्टला ग्लासगोच्या ओल्या वळणावर तो सपशेल आपटला. शेवटचे पंधरा-सोळा किलोमीटर बाकी, जर्सी फाटलेली, बुटाची चकती तुटलेली. तो उठला आणि दीड मिनिटाहून जास्त अंतरानं जगज्जेता झाला. १९८५ च्या यॉप झूटमेल्कनंतरचा हा पहिला डच पुरुष. डेमी व्हॉलरिंगनं महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. जम्बो-व्हिस्मा या डच संघानं एकाच वर्षी जिरो, टूर आणि व्हुएल्टा या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकून दाखवल्या, जे आधी कुणालाही जमलं नव्हतं. पण जिंकणारे तिघे स्लोव्हेनिया, डेन्मार्क आणि अमेरिकेचे! संघाचा मुख्य पुरस्कर्ता तरीही बाहेर पडतच होता.

ॲथलेटिक्समध्ये १९ ऑगस्टची बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतली संध्याकाळ विसरणं अशक्य आहे. दहा हजार मीटरच्या शेवटच्या काही पावलांत आघाडीवर असलेली सिफान हसन पडली. थोड्याच वेळात मिश्र रिलेत सुवर्ण समोर दिसत असताना फेमके बोल अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे कोसळली, बॅटन हातातून उडालं. अर्ध्या तासाच्या आत दोन सुवर्णपदकं मातीत गेली. पाच दिवसांनी बोलनं ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. आणि २७ तारखेला महिलांच्या रिलेत शेवटच्या टप्प्यात मागून येऊन तिनं अगदी रेषेवर जमैकाला गाठलं. याच बोलनं फेब्रुवारीत आपेलडोर्नला ४९.२६ सेकंदांची वेळ देऊन क्रातोख्विलोव्हाचा ४०० मीटरचा १९८२ पासूनचा इनडोअर विश्वविक्रम मोडला होता. हसननं तर त्या वर्षी मॅरेथॉनमध्ये पदार्पण केलं. एप्रिलमध्ये लंडनला मध्येच थांबून तिनं दुखरा पाय ताणला, मागे पडली, पुन्हा गाठलं आणि जिंकली. ऑक्टोबरमध्ये शिकागोला २ तास १३ मिनिटं ४४ सेकंद, महिलांमधली तोपर्यंतची दुसरी सर्वोत्तम वेळ. महिला फुटबॉल संघ विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून हरला. त्या सामन्यात स्टेफनी व्हॅन डर ग्राख्तच्या हाताला चेंडू लागून पेनल्टी गेली, तिनंच भरपाईच्या वेळेत बरोबरी साधली आणि जादा वेळेत हरल्यावर तिची कारकीर्द तिथेच संपली.

आणि क्रिकेट. तिथल्या क्रिकेट मंडळाचं मूळ १८८३ चं असलं तरी सर्वसाधारण डच माणसाला हा खेळ आपल्या देशात आहे हेच माहीत नसतं. जूनमध्ये हरारेला वेस्ट इंडिजविरुद्ध ३७४ वर बरोबरी झाली आणि सुपर ओव्हरमध्ये लोगन व्हॅन बीकनं जेसन होल्डरच्या सहा चेंडूंवर ३० धावा काढल्या. मग चेंडूही त्यानंच हातात घेतला आणि सामना संपवला. बुलावायोला स्कॉटलंडविरुद्ध बास डी लीडनं पाच बळी आणि १२३ धावा एकाच दिवशी काढून विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. भारतात येऊन सरावासाठी गोलंदाज हवेत म्हणून संघानं समाजमाध्यमांवर जाहिरात दिली आणि चेन्नईत घरोघरी जेवण पोचवणारा एक फिरकी गोलंदाज त्यातून निवडला. त्याच संघातला पॉल व्हॅन मीकेरेन टाळेबंदीत स्वतः घरोघरी जेवण पोचवत होता.

१७ ऑक्टोबरला धरमशाळेत पावसामुळे सामना ४३ षटकांचा झाला. दक्षिण आफ्रिकेसमोर डच ५ बाद ८२. तिथून कर्णधार स्कॉट एडवर्ड्सनं नाबाद ७८ काढल्या; एके काळी दक्षिण आफ्रिकेकडूनच खेळलेल्या रूलोफ व्हॅन डर मर्वनं फटकेबाजी केली आणि हेगमध्ये जन्मलेल्या आर्यन दत्तनं शेवटी नऊ चेंडूंत २३ धावा चोपल्या. धावसंख्या २४५. मग व्हॅन डर मर्वनं बावुमाचा त्रिफळा उडवला आणि आफ्रिकेचा डाव २०७ वर आटोपला. पुढे कोलकात्यात बांगलादेशलाही डचांनी ८७ धावांनी हरवलं. बाकी सगळे सामने गेले, दिल्लीत ऑस्ट्रेलियानं तर ३०९ धावांनी चिरडलं, आणि संघ दहावा, म्हणजे शेवटचा आला. गुणतक्ता सगळंच सांगत नाही, याचं हे चांगलं उदाहरण.

अनेकांनी पुढे लिहिलं की हसन, दत्त, विजयवाड्यात जन्मलेला तेजा निदमनुरु या परदेशी मुळांच्या खेळाडूंचा जयघोष करणारा देशच नोव्हेंबरात स्थलांतरितांविरुद्ध मत देतो, हा केवढा विरोधाभास. मला हे टाळ्या घेण्यापुरतं खरं वाटतं. विल्डर्स यांना मत देणारा माणूस हसनविरुद्ध मत देत नव्हता. त्याला दहा वर्षं भाड्याचं सरकारी घर मिळालेलं नव्हतं आणि ते का मिळत नाही याचं उत्तर त्याला एका वाक्यात देणारा एकच पक्ष होता. उत्तर चुकीचं होतं, हा भाग निराळा.

रुटे रिंगणातून गेल्यावर राग दुसऱ्यांदा पत्ता शोधू लागला. पीटर ओम्ट्झिख्त यांनी ऑगस्टमध्ये नवा पक्ष काढला. बालसंगोपन अनुदानात हजारो पालकांना, विशेषतः परकी नावाच्या पालकांना, खोटं फसवेगिरीचं लेबल लावून सरकारनं देशोधडीला लावलं, हे प्रकरण धसाला लावणाऱ्यांतले ते एक. याच प्रकरणावरून २०२१ मध्ये रुटे यांचं तिसरं सरकार पायउतार झालं होतं. २०२३ मध्येही अनेकांची भरपाई अडकलेलीच होती. ओम्ट्झिख्त काही आठवडे पाहणीत पहिले राहिले. पण पंतप्रधान होणार का, या साध्या प्रश्नाला त्यांना सरळ उत्तर देता आलं नाही. तिकडे रुटे यांच्या वारसदार दिलान येशिलग्योझ, ज्या स्वतः लहानपणी निर्वासिताची मुलगी म्हणून तुर्कस्तानातून आल्या, यांनी विल्डर्स यांच्याशी सहकार्याचं दार किलकिलं केलं. सरकार निर्वासितांवरून पाडलं गेलं होतं, त्यामुळे प्रचार निर्वासितांवर फिरला. आणि त्या विषयावर मत द्यायचं तर नक्कल कशाला, अस्सलच घ्या, असा हिशेब मतदारांनी केला. २२ नोव्हेंबरला विल्डर्स ३७, टिमरमान्स यांची डावी-हरित आघाडी २५, येशिलग्योझ २४, ओम्ट्झिख्त २०. विल्डर्स यांच्या पक्षात सदस्य एकच, ते स्वतः. अंतर्गत निवडणुका नाहीत, शाखा नाहीत.

भारतीय समाजमाध्यमांवर या निकालाचं बरंच स्वागत झालं, कारण नुपूर शर्मा प्रकरणात विल्डर्स यांनी त्यांची बाजू घेतली होती. स्वागत करणाऱ्यांनी ॲमस्टलव्हेन किंवा आइंडहोव्हनच्या मराठी कुटुंबांशी बोलायला हवं होतं. परदेशी कुशल नोकरदारांना मिळणारी तीस टक्क्यांची करसवलत कमी करायचं कनिष्ठ सभागृहानं ऑक्टोबरातच मंजूर केलं होतं, आणि परदेशी विद्यार्थी नि नोकरदार यांची संख्या रोखावी यावर नव्या संसदेत मोठं बहुमत होतं.

३१ डिसेंबरला देशात नवं सरकार नव्हतं. विल्डर्स यांनी सुचवलेल्या पहिल्या मध्यस्थाला जुन्या नोकरीतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे तीन दिवसांत जावं लागलं होतं. ते आरोप त्यानं फेटाळले. काळजीवाहू पंतप्रधान अजून रुटेच होते, आणि पुढे ते नाटोचे सरचिटणीस झाले. चार पक्षांची मोट बांधून डिक स्कोफ या बिगरराजकीय अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली सरकार बनलं ते २ जुलै २०२४ ला, निवडणुकीनंतर २२३ दिवसांनी. ३ जून २०२५ ला तेही पडलं. कारण पुन्हा निर्वासित.